एका दप्तराचा जीर्णोद्धार

राज्याचें सामर्थ्य त्याच्या सैन्यांत किती आणि त्याच्या दप्तरांत किती, हा वाद जुना आहे. पेशवाईचीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत, त्यांस दप्तराची महती नव्यानें सांगावयास नको. परंतु रुमालांत बांधलेलें दप्तर आणि संगणकाच्या पोटांत सांठविलेलें दप्तर यांत एक मोठा भेद आहे. रुमालाची गांठ सोडली कीं कागद हातीं येतो. संगणकांतील कागद हातीं यावयाचा, तर तो कसा ठेवावा, कसा शोधावा, कोणास दाखवावा व कोणापासून राखावा हें त्या यंत्रास शिकविणारी आज्ञावली आधीं कोणीतरी लिहिलेली असावी लागते. या आज्ञावलीलाच आतां सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात. तें लिहावें कसें, आणि त्याहूनही अवघड म्हणजे तें लोकांच्या हातीं केव्हां व किती द्यावें, या प्रश्नाचा निकाल लावतां लावतां अमेरिकेच्या एका बलाढ्य खात्याचीं बारा वर्षें गेलीं. त्या बारा वर्षांची ही हकिगत आहे.

हें खातें म्हणजे फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन. १९०८ सालीं स्थापन झालेल्या या खात्याची ख्याति गुन्हेगाराचा माग काढण्याविषयीं. पण आपल्याच कपाटांतील कागदाचा माग काढण्यांत तें विसाव्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ मागें पडलें होतें. १९९५ सालीं खात्यानें आपल्या प्रकरणांच्या नोंदींसाठीं ‘ऑटोमेटेड केस सपोर्ट’ नांवाची संगणकव्यवस्था चालू केली. ती जन्मतःच जराजर्जर होती. काळ्या पडद्यावर हिरवीं अक्षरें उमटत. एका पानावरून दुसऱ्या पानावर जावयाचें तर कळफलकावरील विशिष्ट कळा क्रमानें दाबाव्या लागत. तपासावर फिरणारा अधिकारी या खटाटोपास कंटाळे आणि आपलें टिपण कागदावरच ठेवी. कागदावर सही होई, कागद फाईलींत जाई, आणि कारकुनाच्या सवडीप्रमाणें त्याची नोंद मागाहून संगणकांत होई. म्हणजे खरें दप्तर कपाटांतच राहिलें, व संगणक हा त्याच्या अपुऱ्या अनुक्रमणिकेसारखा झाला.

२००१ सालीं या दुर्लक्षाची किंमत एकामागून एक वसूल होऊं लागली. फेब्रुवारींत रॉबर्ट हॅन्सन नांवाचा खात्याचाच एक अधिकारी रशियाचा हेर म्हणून पकडला गेला. आपल्यावर कोणाचा संशय आहे काय, हें पाहण्यासाठीं तो त्याच संगणकांत स्वतःचें नांव शोधीत असे, आणि तें कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. मे महिन्यांत ओक्लाहोमा शहरांतील स्फोटाच्या खटल्यांतले तीन हजारांहून अधिक कागद आरोपीच्या वकिलांस दिलेच गेले नव्हते असें उघडकीस आलें, व त्यामुळें देहान्ताच्या शिक्षेची तारीख जवळ जवळ महिनाभर पुढें ढकलावी लागली. जुलैंत फीनिक्स येथील एका अधिकाऱ्यानें, विमान चालविण्याच्या शाळांत येणाऱ्या कांहीं विद्यार्थ्यांविषयीं संशय व्यक्त करणारें टिपण पाठविलें; तें ज्यांनीं वाचावयास पाहिजे होतें त्यांच्यापर्यंत पोंचलें नाहीं. त्यानंतर सप्टेंबरची ११ तारीख उजाडली. त्या भयंकर दिवसानंतर संशयितांचीं छायाचित्रें मुख्य कचेरींतून निरनिराळ्या शहरांतील कचेऱ्यांस तारायंत्राच्या वेगानें जावयास हवीं होतीं. तीं रात्रीच्या टपालानें पाठवावीं लागलीं. ज्या देशानें जगास संगणक दिला, त्या देशाच्या सर्वांत मोठ्या तपासखात्याची ही अवस्था होती.

सुधारणेची योजना मात्र त्यापूर्वींच मंजूर झाली होती. ‘ट्रिलॉजी’ असें तिचें नांव, आणि नांवाप्रमाणें तिचीं तीन अंगें: नवे संगणक, त्यांस जोडणारें जाळें, आणि नवें सॉफ्टवेअर. पहिलीं दोन अंगें उशिरानें कां होईना, पण सिद्धीस गेलीं. तिसऱ्याचें काम जून २००१ मध्यें सायन्स ॲप्लिकेशन्स इंटरनॅशनल कॉर्पोरेशन या कंपनीस देण्यांत आलें, व पुढें त्यास ‘व्हर्च्युअल केस फाइल’ असें नांव मिळालें. कंपनी आणि खातें यांनीं मिळून नव्या दप्तरांत काय काय असावें याची एक याचनापत्रिका तयार केली. ती ८०० हून अधिक पानांची झाली. पानें वाढलीं म्हणजे विचार वाढला, असा समज सरकारी कचेऱ्यांत सर्वत्र आढळतो; येथेंही तो होता. त्या पानांत काय हवें एवढेंच लिहून न थांबतां बटणें कोठें असावींत येथपर्यंतचा तपशील भरला होता, आणि इतकें करूनही गरजा बदलत राहिल्या, बदलांचीं पत्रें येत राहिलीं. नोव्हेंबर २००१ पासूनच्या अवघ्या तीन-सव्वातीन वर्षांत खात्याचे मुख्य माहिती-अधिकारी पांच झाले.

सर्वांत विलक्षण होती ती नवें दप्तर चालू करण्याची योजना. शुक्रवारीं सायंकाळीं सर्व कर्मचाऱ्यांनीं जुन्या व्यवस्थेंतून बाहेर पडावें आणि सोमवारीं सकाळीं नव्या व्यवस्थेंत पाऊल टाकावें. मधल्या दोन दिवसांत देशभरच्या साऱ्या कचेऱ्यांचा संसार एका घरांतून दुसऱ्या घरांत हलावा. नव्या घराचें छप्पर गळूं लागलें तर परत येण्यास जुनें घर उरणार नव्हतें. २००४ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं या बेतावर कडक टीका केली. पण त्याच्याही अगोदर, डिसेंबर २००३ मध्यें, कंपनीनें तयार माल पुढें ठेवला तेव्हां खात्यानें तो स्वीकारण्याचें नाकारलें होतें. प्रथम १७ दोष काढण्यांत आले. ते ५९ झाले. पुढें त्यांची संख्या ४०० वर गेली. दोष कोणाचा, मागणाराचा कीं बनविणाराचा, यावर दोन्ही बाजूंनीं पुष्कळ शाई खर्ची पडली. सुमारें ७ लक्ष ओळींची ती आज्ञावली एका दिवसापुरतीही देशभर वापरली गेली नाहीं. २००५ सालीं संचालक रॉबर्ट म्युलर यांस अमेरिकन सिनेटच्या समितीपुढें उभें राहून हें अपयश कबूल करावें लागलें. त्या योजनेवर १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. त्यांपैकीं दहा कोटींहून अधिक रकमेचें काम कोणत्याही उपयोगाचें राहिलें नाहीं.

असा बेत शहाण्या माणसांनीं आंखला तरी कसा, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर शोधण्यास चाळीस वर्षें मागें गेलें पाहिजे.

१९६४ च्या एप्रिलांत आय.बी.एम. कंपनीनें ‘सिस्टिम ३६०’ या संगणकमालेची घोषणा केली. यंत्रें उत्तम होतीं. त्यांना चालविणारें मूळ सॉफ्टवेअर मात्र वेळेवर होईना. त्या कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या हाताखालीं एका वेळीं हजारांवर माणसें राबत होतीं, आणि १९६३ ते १९६६ या काळांत सुमारें ५००० मनुष्यवर्षें त्यांत खर्ची पडलीं असावींत असा अंदाज त्यांनींच पुढें दिला. उशीर झाला म्हणून माणसें वाढवावीं, तों नव्यांना शिकविण्यांत जुन्यांचा वेळ जाऊन उशीर आणखी वाढावा, असा तो अनुभव होता. हा अनुभव त्यांनीं १९७५ सालीं ग्रंथरूपानें लिहून ठेवला. इकडे १९६८ च्या ऑक्टोबरांत जर्मनींतील गार्मिश येथें नाटो संघटनेच्या पुरस्कारानें एक परिषद भरली, आणि घरें-पूल बांधण्याचें जसें शास्त्र आहे तसें सॉफ्टवेअर बांधण्याचेंही असावें, हा विचार तेथें जोरानें पुढें आला. पूल बांधणारा आधीं नकाशा पुरा करतो, मग पाया, मग खांब, मग कमान. सॉफ्टवेअरही तसेंच बांधावें, हा विचार मग ओघानेंच आला.

येथें इतिहासानें एका माणसाची मोठी थट्टा केली आहे. १९७० सालीं विन्स्टन रॉइस यांनीं एका परिषदेंत निबंध वाचला. त्यांत गरजा, आंखणी, लेखन, चाचणी या पायऱ्या एकीखालीं एक उतरत जाणारें चित्र त्यांनीं काढलें, आणि लगेच असें सांगितलें कीं इतक्या सरळपणें जाऊं पाहणें धोक्याचें आहे. चाचणी अगदीं शेवटीं येते, आणि त्या वेळीं दोष दिसला तर सारें पुन्हां मुळापासून करावें लागतें. म्हणून काम निदान दोनदां तरी करावें. पुढच्या लोकांनीं चित्र उचललें आणि इशारा टाकून दिला. त्या चित्रास ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, हें नांवही मागाहून दुसऱ्यांनीं दिलें. १९८५ सालीं अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें आपल्या कंत्राटदारांसाठीं जो दंडक घालून दिला, त्यांत याच पायऱ्या बसल्या. दंडकांतून पद्धति कंत्राटांत गेली, कंत्राटांतून कचेऱ्यांत गेली, आणि जी गोष्ट रॉइस यांनीं धोका म्हणून दाखविली तीच त्यांच्या नांवानें शास्त्र म्हणून शिकविली जाऊं लागली. १९९४ सालीं संरक्षणखात्यानें तो दंडक बदलला. पण एव्हांना एका पिढीच्या हाताला त्याचें वळण लागून गेलें होतें.

दुसरा प्रवाह मात्र आटला नव्हता. अमेरिकन माणसास प्रथम अंतराळांत नेणाऱ्या ‘मर्क्युरी’ योजनेंत, १९६० च्या सुमारास, सॉफ्टवेअर लिहिणारे लोक अर्ध्या अर्ध्या दिवसाचे तुकडे पाडून काम करीत, आणि तुकडा लिहिण्यापूर्वींच त्याची परीक्षा ठरवीत. पुढें ‘स्पेस शटल’ या अंतराळयानाचें मुख्य उड्डाण-सॉफ्टवेअर आय.बी.एम.च्या मंडळीनें १९७७ ते १९८० या काळांत, ३१ महिन्यांत, १७ फेऱ्यांनीं पुरें केलें. एक फेरी सरासरीनें आठ आठवड्यांची. यानाची बांधणी चालू असतांना गरजा बदलणारच, हें त्यांनीं आधींच मान्य केलें होतें. याचा अर्थ तेथें दोष राहिलाच नाहीं असा नव्हे: १० एप्रिल १९८१ रोजीं पहिल्या उड्डाणास वीस-पंचवीस मिनिटें उरलीं असतां यानावरील राखीव संगणक मुख्य संगणकांच्या तालाशीं जुळेना, व उड्डाण दोन दिवस पुढें गेलें. फेऱ्याफेऱ्यांनीं काम केल्यानें चुका नाहींशा होतात असें नव्हे. बहुतेक चुका लवकर, म्हणजे स्वस्तांत सांपडतात, एवढेंच.

१९८६ सालीं ताकेउची आणि नोनाका या दोघां जपानी अभ्यासकांनीं होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स इत्यादि कारखान्यांचा अभ्यास करून एक लेख लिहिला. नवी वस्तु बनवितांना तेथील मंडळी आपलें काम हातांतली काठी पुढच्या धांवपटूस द्यावी तसें देत नाहींत, तर रग्बीच्या संघाप्रमाणें चेंडू आपसांत फिरवीत सारेच पुढें सरकतात, असें त्यांनीं दाखविलें. या रग्बीच्याच परिभाषेंतून ‘स्क्रम’ हा शब्द पुढें १९९३ सालीं जेफ सदरलंड यांनीं ईझल नांवाच्या कंपनींत उचलला, आणि १९९५ सालीं त्यांनीं व केन श्वेबर यांनीं ती पद्धति विद्वानांपुढें मांडली.

त्याच सुमारास डेट्रॉइटकडील क्रायस्लर या मोटारींच्या कारखान्यांत पगारपत्रकाचें एक मोठें काम रखडलें होतें. १९९६ सालीं केंट बेक यांनीं तें हातीं घेतलें. त्यांनीं याचनापत्रिकेचे गठ्ठे बाजूस सारले आणि पगारखात्याच्या माणसांच्या हातीं कोरीं पत्रें दिलीं. एका पत्रावर एकच गोष्ट लिहावयाची: अमक्या प्रकारच्या नोकराचा अमका भत्ता हिशेबांत यावा. प्रत्येक पत्रास किती श्रम लागतील हें लिहिणारांनीं सांगावयाचें. कोणतें पत्र आधीं व कोणतें मागून, हें मात्र पगारखात्यानें ठरवावयाचें. एकाचा अधिकार दुसऱ्यानें घ्यावयाचा नाहीं. दर तीन आठवड्यांनीं झालेलें काम चालवून पाहावयाचें. अशा रीतीनें मे १९९७ मध्यें सुमारें १०,००० नोकरांचा मासिक पगार नव्या व्यवस्थेनें निघूं लागला. ही कथा येथें संपती तर प्रचारकांस फार आवडली असती. पण बाकीच्या नोकरांपर्यंत ती व्यवस्था पोंचली नाहीं. कारखाना १९९८ सालीं जर्मनीच्या डायम्लर कंपनीशीं एकत्र झाला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें तें काम थांबविण्यांत आलें. तोंवर बेक यांचें पुस्तक छापून झालें होतें आणि पद्धति जगभर गेली होती.

११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत, म्हणजे हॅन्सन पकडला गेला त्याच्याच आठवड्याभर आधीं, यूटा संस्थानांतील स्नोबर्ड या बर्फाळ डोंगरावरच्या ठिकाणीं असे सतरा लोक जमले. प्रत्येकाची पद्धति निराळी, नांव निराळें. आपल्या पद्धतींस लोक ‘हलक्या’ म्हणतात, हें त्यांस रुचेना. म्हणून त्यांनीं ‘ॲजाइल’, म्हणजे चपळ, हा शब्द पत्करला व एक छोटासा जाहीरनामा काढला. लठ्ठ कागदपत्रांपेक्षां चालतें सॉफ्टवेअर अधिक मोलाचें मानावें, आणि ठरलेल्या बेताला चिकटून राहण्यापेक्षां बदलास तोंड देण्याची तयारी ठेवावी, असा त्याचा आशय होता. बेत करूंच नये असें त्यांत कोठेंही नाहीं. पुढें आळशी लोकांनीं मात्र त्याचा तोच अर्थ केला.

वास्तविक या पद्धतींत बेत अधिक वेळां करावा लागतो. जुन्या रीतींत काम ठरलेलें असे, आणि वेळ व पैसा वाढत जाई. नव्या रीतींत वेळ आणि माणसें आधीं ठरवून घेतात, आणि काम कमी-अधिक होऊं देतात. मासिकाच्या संपादकास ही गोष्ट चटकन उमजेल. अंक ठरल्या तारखेस निघतो. एखादा लेख आला नाहीं तर तो पुढच्या अंकांत जातो. लेखकासाठीं अंक अडत नाहीं. उबुंटू नांवाच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ति ऑक्टोबर २००४ मध्यें निघाली, व तेव्हांपासून दर सहा महिन्यांनीं एक आवृत्ति काढण्याची त्यांची प्रथा पडली. आवृत्तीचें नांवच वर्ष आणि महिना यांच्या आंकड्यांनीं पडतें. २००६ च्या एप्रिलची आवृत्ति सहा आठवडे उशिरा, म्हणजे जूनमध्यें निघाली, तेव्हां तो उशीर आंकड्यांतच कायमचा कोरला गेला. अशा ठिकाणीं अधिकाऱ्याची खरी कसोटी ‘काय घालावें’ यांत नसते, ‘काय मागें ठेवावें’ यांत असते. आणि मोठ्या कचेरींत कोणाची मागणी मागें ठेवणें म्हणजे कोणाचा तरी मान मागें ठेवणें होय.

पुन्हां वॉशिंग्टनकडे वळूं या. मार्च २००६ मध्यें खात्यानें जुन्या योजनेच्या राखेंतून ‘सेंटिनेल’ नांवाची नवी योजना उभी केली आणि लॉकहीड मार्टिन या कंपनीस काम दिलें. एकूण खर्च ४२ कोटी ५० लक्ष डॉलर, चार टप्पे, आणि डिसेंबर २००९ ची मुदत. एका रात्रींत संसार हलविण्याचा बेत या वेळीं सोडून दिला होता, एवढें शहाणपण आलें होतें. परंतु टप्पा म्हटला तरी तो वर्षा-दीडवर्षाचा, आणि त्याच्या पोटांत पुन्हां तोच धबधबा. पहिला टप्पा जून २००७ मध्यें हातीं आला. त्यानें मुख्यतः जुन्या हिरव्या अक्षरांवर नवा पडदा चढविला. दुसरा टप्पा लांबला. खर्चाचा आंकडा ४५ कोटी १० लक्षांवर व मुदत सप्टेंबर २०११ वर गेली. मार्च २०१० मध्यें खात्यानें पुढचें कांहीं काम थांबविण्याचा हुकूम दिला आणि जुलैंत तें बहुतेक सारेंच थांबविलें. त्या वेळचा हिशेब डोळे उघडणारा होता: ४५ कोटी १० लक्षांपैकीं ४० कोटी ५० लक्ष डॉलर संपले होते, आणि चार टप्प्यांपैकीं दोनच पुरे झाले होते. माइटर या संस्थेच्या तज्ज्ञांनीं अंदाज दिला कीं याच रीतीनें गेल्यास आणखी सहा वर्षें व आणखी ३५ कोटी १० लक्ष डॉलर लागतील.

तेव्हां खात्याचे मुख्य माहिती-अधिकारी चॅड फुलघम यांनीं एक धाडस केलें. हे न्यूयॉर्कच्या लेहमन ब्रदर्स या बुडालेल्या पेढींत पूर्वीं नोकरीस होते; तेव्हां बुडतें जहाज कसें दिसतें, हें त्यांस माहीत असावें. त्यांनीं व त्यांचे सहकारी जेफ जॉन्सन यांनीं काम कंपनीकडून काढून खात्याच्या हातीं घेतलें, आणि मुख्य कचेरीच्या, म्हणजे हूवर भवनाच्या, तळघरांत आपला संसार थाटला. कंत्राटदारांकडील सुमारें २२० माणसांपैकीं चाळीसच्या आसपास ठेवलीं. बारा महिने आणि सुमारें २ कोटी डॉलर, एवढ्यांत काम पुरें करूं, असें ऑक्टोबर २०१० मध्यें त्यांनीं सांगितलें. ब्रुक्स यांच्या पुस्तकांत माणसें वाढविल्यानें होणारा घोटाळा वर्णिला आहे. येथें माणसें कमी करून पाहण्याचा प्रयोग झाला.

तळघरांतील कामाची रीत अशी होती. जुन्या याचनापत्रिकेचे ‘गोष्टी’ म्हणून तुकडे पाडण्यांत आले; असे तुकडे सुमारें ६७० झाले. प्रत्येक गोष्ट म्हणजे खात्यांतील कोणा एका माणसाची एक गरज: तपास अधिकाऱ्यास अहवाल लिहून वरिष्ठाकडे मंजुरीस धाडतां यावा, वरिष्ठास त्यावर संगणकांतच सही करतां यावी, इत्यादि. प्रत्येकीस श्रमाप्रमाणें गुण दिले. मग खात्याच्या दृष्टीनें महत्त्वाच्या गोष्टी यादीच्या माथ्यावर चढविल्या. दोन आठवड्यांचा एक हप्ता. त्यास ‘स्प्रिंट’ म्हणतात. हप्त्याच्या आरंभीं मंडळीनें यादीच्या माथ्यावरून आपल्यास झेपतील तेवढ्या गोष्टी उचलावयाच्या, आणि अखेरीस त्या चालवून दाखवावयाच्या. दाखवावयाच्या म्हणजे कागदावर नव्हे. खात्याचे अधिकारी बसलेले, न्यायखात्याचीं माणसें बसलेलीं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावर ती गोष्ट घडली पाहिजे. ‘नव्वद टक्के झालें आहे’ या वाक्यास तेथें किंमत नव्हती. झालें तरी किंवा न झालें तरी. जुन्या योजनांत वर्षानुवर्षें सर्व कामें नव्वद टक्के झालेलीं असत.

यांतून एक हिशेब आपोआप निघतो. दोन आठवड्यांत मंडळीच्या हातून सरासरी किती गुणांचें काम उतरतें तें दोन-चार हप्त्यांत कळतें. उरलेल्या गुणांस त्यानें भागलें कीं किती हप्ते लागतील याचा अंदाज येतो. अंदाज मुदतीबाहेर गेला, तर यादीच्या तळाशीं असलेल्या गोष्टी सोडाव्या लागतील किंवा मुदत वाढवावी लागेल, हें सहा महिने आधीं कळतें. जुन्या रीतींत तें मुदतीच्या दिवशीं कळे. सारी करामत एवढीच आहे. अप्रिय वार्ता लवकर ऐकण्याची ती सोय होय, आणि म्हणूनच पुष्कळ कचेऱ्यांस ती मानवत नाहीं.

सेंटिनेलच्या वांट्यासही अशी अप्रिय वार्ता आली. ऑक्टोबर २०११ मध्यें देशांतील निरनिराळ्या कचेऱ्यांतून ७०० हून अधिक कर्मचाऱ्यांस एकाच वेळीं नव्या दप्तरावर बसवून रंगीत तालीम घेण्यांत आली. त्या तालमींत व्यवस्था दोनदां कोलमडली. आज्ञावली ठीक होती. पण ज्या जुन्या यंत्रांवर ती चालावयाची, तीं यंत्रेंच इतक्या माणसांचा भार पेलण्यास अपुरीं होतीं. बारा महिन्यांची प्रतिज्ञा तेथें मोडली. नवीं यंत्रें मागवावीं लागलीं आणि मुदत कित्येक महिने पुढें गेली. परंतु २००३ च्या डिसेंबरांतील प्रसंगाशीं याची तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. तेव्हां सारें तयार झाल्यावर सारेंच टाकावें लागलें. या वेळीं काय कमी आहे हें नेमकें कळलें, तें विकत घेतां आलें, आणि लिहिलेलें काम वांचलें.

१ जुलै २०१२ रोजीं सेंटिनेल साऱ्या खात्यास खुलें झालें. ४५ कोटी १० लक्षांची मर्यादा ओलांडली गेली नाहीं, असें खात्यानें अभिमानानें सांगितलें. न्यायखात्याच्या तपासनिसांनीं त्यावर एक बोट ठेवलें: मूळ आंकड्यांत काम पुरें झाल्यानंतरच्या दोन वर्षांच्या देखभालीचाही खर्च धरलेला होता, तो आतां हिशेबांतून बाहेर राहिला होता. शिवाय तळघरांतील मंडळीचें यश सांगतांना, आधींच्या चार वर्षांत ४० कोटी डॉलर खर्चून झालेलें काम त्यांच्या हातीं आयतें आलें होतें, हेंही विसरून चालणार नाहीं. तरी कागदावर सही घेण्यासाठीं फाईल घेऊन जिने चढणाऱ्या कारकुनाची फेरी थांबली, आणि एका शहरांतील टिपण दुसऱ्या शहरांतील अधिकाऱ्यास त्याच दिवशीं वाचतां येऊं लागलें. २००१ च्या जुलैंत हवें होतें तें हेंच.

२०१४ सालीं तपासनिसांनीं कर्मचाऱ्यांचें मत घेतलें. सेंटिनेलमुळें आपलें काम सुधारलें, माहिती एकमेकांस देणें सोपें झालें, असें पुष्कळांनीं सांगितलें. शोधाच्या सोयीविषयीं मात्र तक्रार होती. शब्द घालून शोध करावा, तों कधीं वाचून संपणार नाहींत इतके कागद पुढें येत. आणि कधीं, जो कागद दप्तरांत आहे हें शोधणाऱ्यास पक्कें ठाऊक असे, तोच येत नसे.